गाडी उभी राहिल्यानंतरचा पहिला तास : चिलखती वाहनांच्या आणि त्यांवरील शस्त्रांच्या रोजच्या निगराणीविषयी

दारव्हा तालुक्यातील एका तरुणाने विचारले आहे, ‘अग्निवीर म्हणून माझी ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये निवड झाली असून पुढच्या महिन्यात कामठीला हजर व्हायचे आहे. आयटीआयमधून मी डिझेल मेकॅनिक झालो आणि दोन वर्षे ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम केले. पुढे बीएमपी या जवानांना वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर ड्रायव्हर होण्याची इच्छा आहे. या गाडीची रोजची देखभाल म्हणजे नेमके काय असते, तोफेची आणि मशीनगनची निगा ड्रायव्हरलाही राखावी लागते का, आणि ट्रॅक्टरवरचा अनुभव तिथे कामी येतो का?’

मी ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या गाड्या व शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या दलातून, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतील निम्म्याहून अधिक काळ बीएमपी-२ आणि टी-७२ या दोन गाड्यांच्या पोटाखाली गेला. आता समुद्रपूर तालुक्यात घरची शेती पाहतो आणि जमेल तसे लोकांचे ट्रॅक्टर व थ्रेशर दुरुस्त करून देतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला परिचयाच्या आहेत. जे उघड आहे आणि कोणत्याही सैनिकी प्रदर्शनात उभा असलेला जवान शाळकरी मुलांना सांगतो तेवढेच येथे लिहितो. आकडेवारीचे बाकीचे कोष्टक तुम्हाला गाडीच्या पुस्तकात मिळेल आणि ते तिथेच वाचावे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातून निघतात. ट्रॅक्टरचा अनुभव निम्मा कामी येतो आणि निम्मा विसरावा लागतो. डिझेल लाइनमधली हवा काढणे, फिल्टर बदलणे, नट किती आवळावा याचा हाताला असलेला अंदाज, इंजिनाचा आवाज बिघडला की कान टवकारणे, या गोष्टी ज्याला येतात तो इतर रंगरूटांपेक्षा दोन पावले पुढे असतो. विसरायची ती सवय. आपल्याकडे ट्रॅक्टर सायंकाळी वावरातून येतो, अंगणात उभा राहतो, चालक किल्ली काढून जेवायला जातो आणि तेल-पाणी पाहायचेच असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो. चिलखती गाडीच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. काम करून आलेली गाडी उभी राहिल्यानंतरचा पहिला तास हा देखभालीचा सर्वांत मोलाचा वेळ असतो, कारण त्या तासात गाडी गरम असते आणि तिच्या अंगावरच्या उष्णतेवरून अनेक दोष हाताला कळतात. रात्रभरात सगळे लोखंड एकसारखे थंड पडते आणि मग त्याच दोषाचा शोध घ्यायला अर्धी गाडी उघडावी लागते.

गाडीची थोडी ओळख करून देतो. बीएमपी-२ ही मुळात रशियन बनावटीची असून तेलंगणातील मेदकच्या कारखान्यात ‘सारथ’ या नावाने तयार होते. वजन सुमारे १४ टन, व्ही रचनेचे सहा सिलिंडरचे ३०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, रस्त्यावर ताशी ६५ किलोमीटरपर्यंत वेग, आणि पाण्यात उतरली तर ट्रॅक, म्हणजे चाकांभोवतीचे लोखंडी कड्यांचे पट्टे, फिरवीत ताशी साधारण ७ किलोमीटर वेगाने तरंगत जाण्याची सोय. चालक, गनर (तोफ चालवणारा) आणि कमांडर असे तिघे गाडीचे आणि मागे बसणारे सात जवान. बुरुजावर, म्हणजे गाडीच्या वरच्या फिरत्या भागावर, ३० मिलिमीटरची तोफ, तिच्याशेजारी ७.६२ मिलिमीटरची पीकेटी मशीनगन आणि वर रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा लाँचर. टी-७२ हा खरा रणगाडा. तो ४० टनांच्या वरचा, बारा सिलिंडरचा, १२५ मिलिमीटरच्या तोफेचा. गार्ड्सकडे बीएमपी असते, म्हणून मी तिच्याविषयीच जास्त लिहीन.

दिवसाची देखभाल तीन वेळांची असते : निघण्यापूर्वीची, वाटेतल्या मुक्कामावरची आणि परत आल्यानंतरची. निघण्यापूर्वी गाडीखाली तेलाचा किंवा पाण्याचा ओघळ दिसतो का, डिझेल किती आहे, दिवे आणि इंटरकॉम चालतात का, बुरुजाच्या व तोफेच्या कड्या लागलेल्या आहेत का, एवढे पाहून होते. ही तपासणी सोपी असते आणि ती बहुतेक सगळे नीट करतात, कारण सकाळी अंगात दम असतो आणि वरिष्ठ समोर उभे असतात. खरी कसोटी उरलेल्या दोन वेळांची असते.

मुक्कामावर गाडी थांबली की चालकाने खाली उतरून दोन्ही बाजूंच्या रोड व्हीलच्या, म्हणजे ट्रॅकच्या आत फिरणाऱ्या चाकांच्या, हबना (मधल्या भागांना) हात लावायचा. एका बाजूला सहा चाके, दोन्ही मिळून बारा. हाताची पालथी बाजू लावावी. तळव्याची कातडी काम करून राठ झालेली असते आणि चटका बसलाच तर पुढे पाना धरायला तळवा शाबूत राहिला पाहिजे. बाराही हब कोमट असणार हे धरून चालायचे. त्यांत एखादाच असा निघाला की त्याच्यावर हात टिकत नाही, तर आत वंगण संपलेले आहे, सील फाटलेले आहे किंवा बेअरिंग बसत चालले आहे. ऊन एका बाजूने पडत असेल तर ती सगळी बाजूच जास्त तापलेली असते, म्हणून तुलना समोरच्या बाजूशी न करता त्याच रांगेतल्या शेजारच्या चाकाशी करावी. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा उभ्या गाडीच्या पत्र्यावरही हात ठेववत नाही, आणि अशा दिवशी हा फरक ओळखायला थोडा सराव लागतो.

शॉक अॅब्सॉर्बरचा नियम नेमका याच्या उलट आहे, आणि नव्या मुलांचा घोळ तिथेच होतो. अॅब्सॉर्बरचे काम धक्क्याची ताकद तेलात जिरवण्याचे आहे आणि जिरवलेली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. उंचसखल रानातून पाच-दहा किलोमीटर आलेल्या गाडीचा अॅब्सॉर्बर आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा गरम लागलाच पाहिजे. तो थंड लागला तर त्याने काम केलेले नाही, म्हणजे आतले तेल गळून गेले आहे किंवा त्याचा जोड तुटला आहे, आणि त्याच्या वाट्याचे धक्के टॉर्शन बारने, म्हणजे स्प्रिंगचे काम करणाऱ्या पिळदार दांड्याने, खाल्ले आहेत. हब गरम असला तर शंका घ्यावी आणि अॅब्सॉर्बर थंड असला तर शंका घ्यावी, एवढे लक्षात ठेवले तरी पहिल्या वर्षी तुमचे नाव वर्कशॉपमध्ये चांगल्या अर्थाने घेतले जाईल.

ही गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या सातव्या वर्षी वाळवंटातल्या एका सरावात रात्री साडेअकराला गाड्या मुक्कामी आल्या. हवेत गारठा होता आणि सगळे थकलेले होते. एका चालकाला मी विचारले, हब पाहिले का, आणि तो ‘सब ठीक’ म्हणाला. मी त्याच्या शब्दावर विसंबून नोंदीत सही केली. सकाळी निघताना मी स्वतः हात फिरवला, पण तोपर्यंत बाराही हब थंडगार झालेले होते आणि हाताला काहीच कळले नाही. बारा किलोमीटर गेल्यावर डावीकडचे चौथे चाक जाम झाले, पुढच्या वळणावर ट्रॅक उतरला, आणि तो भुसभुशीत वाळूत परत चढवायला आम्हाला सहा तास लागले. चालकाला बोल लागला, पण सही माझी होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत दुसऱ्याच्या हाताने पाहिलेल्या हबवर मी सही केली नाही.

आता ट्रॅक. रबराच्या टायरला जसा हवेचा दाब तसा ट्रॅकला ताण. तो सैल असला तर वळणावर दातांवरून निसटतो आणि फार ताठ असला तर कड्या जोडणाऱ्या पिना, स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात आणि इंजिन तिघांनाही झिजवतो. ताण नेहमी सपाट, टणक जमिनीवर पाहावा आणि किती झोळ ठेवायचा ते पुस्तकातल्या मापाने ठरवावे. ‘डोळ्यांनी बरा दिसतो’ हे माप नव्हे. बीएमपीचे स्प्रॉकेट पुढे असते आणि टी-७२ चे मागे, हा फरक एकाच आठवड्यात दोन्ही गाड्यांवर काम करणाऱ्याने ध्यानात ठेवावा. परतल्यावर ट्रॅकच्या कडेने चालत प्रत्येक पिनेचे टोक पाहायचे, सरकलेली पिन आत घालायची, सैल नट आवळायचा, तडा गेलेली कडी खडूने खूण करून बदलायला काढायची आणि रोड व्हीलच्या रबराचा टवका निघाला असेल तर त्याची नोंद करायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

आपल्या काळ्या मातीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. राजस्थानातली वाळू झटकली की पडते. वऱ्हाडातली रेगूर ओली असताना कणकेसारखी लपेटून बसते आणि वाळली की विटेसारखी टणक होते. पावसाळ्यात पऱ्हाटीच्या वावराकडेच्या पांदणीतून बंडी नेणाऱ्याला हे सांगायला नको. चाकाचा घेर दुप्पट होतो आणि बैल थबकतात. ट्रॅकच्या कड्यांमध्ये, स्प्रॉकेटच्या दातांत आणि चाकांच्या मागच्या पोकळीत ही माती ठासून भरली की ट्रॅकचा ताण आपोआप वाढतो, सीलच्या ओठाशी चिखल घासत राहतो, आणि वर सांगितलेल्या हबला हात लावायला मुळात जागाच राहत नाही. म्हणून अशा जमिनीवर धुलाई आधी आणि तपासणी नंतर, तीही माती ओली असतानाच. एक रात्र जाऊ दिली तर सकाळी सब्बल आणि घन घेऊन बसावे लागते. फवाऱ्याने धुताना पाण्याची धार सीलवर, एअर क्लीनरच्या तोंडावर आणि दुर्बिणींच्या काचांवर थेट मारू नये. माती काढायच्या उत्साहात पाणी आत घातलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू धूळ. ट्रॅकवाली गाडी स्वतःच धुळीचा लोट उडवते आणि स्वतःच त्यातून श्वास घेते. ताफ्यात मागून चालणाऱ्या गाडीची अवस्था तर विचारायलाच नको. हवा आधी चक्रावणाऱ्या नळ्यांतून जाते, तिथे जड धूळ बाहेर फेकली जाते, आणि उरलेली बारीक धूळ तेल लावलेल्या तारेच्या जाळीच्या कॅसेटमध्ये अडकते. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये तेलाची वाटी असते, तत्त्व साधारण तेच. कॅसेट डिझेलमध्ये धुवायची, पूर्ण निथळू द्यायची, ठरलेल्या तेलात बुडवायची आणि पुन्हा निथळू द्यायची. हे दुसरे निथळणे लोक घाईत टाळतात, तेल इंजिनात ओढले जाते आणि धुराड्यातून निळसर धूर येऊ लागतो. बसवताना रबरी गॅस्केटवर बोट फिरवून पाहावे. कॅसेट कितीही स्वच्छ असली तरी गॅस्केटशेजारी नखाएवढी फट राहिली की सगळी धूळ त्या फटीतून जाते आणि काही तासांत पिस्टन रिंगांचे आयुष्य संपते.

बीएमपीच्या रेडिएटरला ट्रॅक्टरसारखा पंखा नसतो, हे तुम्हाला नवल वाटेल. बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या झोताने हवा ओढून घेण्याची तिथे रचना आहे. त्यामुळे जाळीवर काही अडकले तर ते पटकन ध्यानात येत नाही, फक्त तापमानाचा काटा हळूहळू चढत राहतो. दिवाळीनंतर आपल्याकडच्या माळावरचे गवत वाळते आणि त्याची कुसळे पायजम्याला चिकटतात तशीच ती या जाळीला चिकटून गालिचा तयार करतात. थांब्यावर जाळी हाताने साफ करावी, आणि इंजिन गरम असताना पाण्याच्या टाकीचे झाकण मात्र कोणी कितीही घाई केली तरी उघडू नये.

तेल मोजण्याच्या बाबतीत ट्रॅक्टरची सवय सरळ चुकीची ठरते. ट्रॅक्टरचे तेल तळाशी चेंबरमध्ये साठते आणि ते सकाळी थंड असताना डिपस्टिकने पाहिलेले उत्तम. या गाड्यांत तेलाची टाकी वेगळी असते, पंप तिथून तेल इंजिनात पाठवतो आणि परत आणतो. गाडी बराच वेळ उभी राहिली की टाकीतले काही तेल इंजिनाच्या तळाशी उतरते, डिपस्टिक कमी पातळी दाखवते, अननुभवी माणूस वरून तेल ओततो आणि इंजिन सुरू झाल्यावर ते जास्त होते. म्हणून मोजमाप इंजिन चालून बंद झाल्यावर, पुस्तकात दिलेल्या वेळेत. पुन्हा तोच पहिला तास. सुरू करतानाही किल्ली फिरवली आणि निघाले असे होत नाही. आधी विजेवर चालणाऱ्या छोट्या पंपाने तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत वाढवायचा, मग स्टार्टर. बंद करण्यापूर्वी इंजिन काही मिनिटे हळू चालू देऊन शांत करायचे. बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असतात आणि जोडून २४ व्होल्ट होतात. उन्हाळ्यात त्यांचे पाणी झपाट्याने आटते, एवढे सांगितले की पुरे. बीएमपीच्या मागच्या जाड दारांच्या पोकळीतही डिझेल असते, त्यामुळे दाराच्या बिजागरीपाशी ओल दिसली तर ती पावसाची समजून पुसून टाकू नका, बोटाला लावून वास घ्या.

शस्त्रांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर : होय, ड्रायव्हरलाही. जबाबदारी गनरची असते, तांत्रिक तपासणी आर्मररची, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची असते, पण गाडीचे तिघेच असतात आणि ३० मिलिमीटरच्या तोफेची नळी साफ करणे हे एकट्याचे काम नाही. टी-७२ ची तोफ तर सहा मीटर लांबीची. तिच्यात ब्रशाचा दांडा ढकलायला तिघे-चौघे एका सुरात ‘हैशा’ करतात तेव्हा कुठे तो सरकतो.

सफाईला हात घालण्यापूर्वी शस्त्र रिकामे आहे हे पाहायचे. गोळ्यांचा पट्टा काढला, कक्ष (नळीत गोळी किंवा गोळा बसतो ती जागा) डोळ्यांनी पाहिला, अंधार असेल तर बोट घालून पाहिला, आणि दुसऱ्या माणसाने तेच पुन्हा पाहिले, यानंतरच पुढचे काम. ३० मिलिमीटरच्या या तोफेला दोन बाजूंनी दोन वेगळे पट्टे लागतात, एकात चिलखतभेदी आणि दुसऱ्यात स्फोटक गोळे, दोन्ही मिळून गाडीत ५०० गोळे. एक पट्टा काढला म्हणजे तोफ रिकामी झाली असे समजणारा माणूस मी एकदाच पाहिला. सुदैवाने आर्मरर जागा होता.

गोळीबारानंतरची सफाई नळी कोमट असतानाच सुरू करावी, कारण तेव्हा काजळी मऊ असते. या काजळीत हवेतली ओल धरून ठेवण्याचा गुण असतो. एकदा साफ केलेली नळी दुसऱ्या दिवशी पाहिली तर पोलादाच्या बारीक छिद्रांतून पुन्हा काळपट घाम आल्यासारखा दिसतो. म्हणून पुढचे काही दिवस रोज ब्रश आणि स्वच्छ चिंधी फिरवायची, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. पीकेटीमध्ये सर्वांत जास्त काजळी गॅस रेग्युलेटरपाशी आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. ती लाकडी किंवा पितळी पट्टीने खरवडावी, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. ओरखडा पडला की पुढच्या वेळी काजळी तिथेच घर करते. ही मशीनगन विजेच्या ट्रिगरवर चालते. ती झाडली जात नाही अशी तक्रार आली की नवे लोक आतला सगळा जामानिमा उकलतात, आणि दोष बहुधा केबलच्या टोकावर बसलेल्या धुळीत किंवा हिरव्या गंजात निघतो. आधी टोक पुसा, मग बाकीचे.

तेल किती लावायचे यावर दोन गार्डसमन एकमत होणार नाहीत, माझे मत मात्र ठाम आहे. कोरड्या धुळीच्या प्रदेशात आणि महिन्यांत तेलाचा फक्त स्पर्श ठेवावा, चिंधीने पुसून जेवढा राहील तेवढाच. जास्त तेलात धूळ मिसळली की सहाणेवर उगाळल्यासारखा लेप होतो आणि तो प्रत्येक गोळीसरशी लोखंड घासतो. पावसाळ्यात आणि गाडी काही दिवस उभी राहणार असेल तेव्हा तेलाचा चांगला थर द्यावा. झाडण्यापूर्वी नळी आणि कक्ष पूर्ण कोरडे पुसावेत. आणि धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कधीही कोंबू नये. त्यासाठी कापडी टोपी असते. बोळा आत विसरला गेला आणि गोळा झाडला तर नळी फुटू शकते, आणि शेजारी माणूस असतो.

नळी स्वच्छ झाली म्हणजे नेम खरा झाला असे नाही. धक्क्यांनी तोफ आणि दुर्बीण यांच्या रेषा एकमेकींपासून सरकतात. त्या जुळवण्यासाठी नळीच्या तोंडावरच्या खुणांवर बारीक दोरे आडवे-उभे ताणून ग्रीसने चिकटवतात, मागून नळीतून पाहत तो छेदबिंदू दूरवरच्या एखाद्या ठळक टोकावर आणतात आणि मग दुर्बिणीतली खूण त्याच टोकावर नेतात. मंदिराचा कळस किंवा पाण्याच्या टाकीचा कोपरा यासाठी चांगला. झाडाचा शेंडा घेऊ नये, वाऱ्याने हलतो. हे काम पहाटे किंवा सायंकाळी करावे. दुपारी बारा वाजता आपल्या माळावरून उठणाऱ्या झळांत समोरचे टोक पाण्यासारखे हिंदकळत असते.

दुर्बिणींच्या आत ओल शिरू नये म्हणून सिलिका जेलची छोटी कुपी असते. तिचे दाणे निळे असतील तोवर ठीक. गुलाबी झाले की ते ओलीने भरलेत, म्हणजे बदलायचे. विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये हे रंग दर आठवड्याला पाहावेत, नाहीतर काचेवर आतून बुरशीचे जाळे चढते आणि ते काढायला दुर्बीण मोठ्या वर्कशॉपकडेच पाठवावी लागते. काच पुसायला फलालीन वापरावी, हातातली चिंधी नाही. तिच्यात कालच्या मातीचे कण असतात.

एक धोक्याची बाब वेगळी सांगतो. बुरुज फिरवण्यापूर्वी मोठ्याने आवाज द्यायचा आणि चालकाचे, खालच्या माणसाचे उलट उत्तर ऐकल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. चालकाचे झाकण उघडे असताना बुरुज फिरू नये अशी सोय या प्रकारच्या गाड्यांत केलेली असते, पण तिच्या भरवशावर आपले डोके बाहेर ठेवू नये. टी-७२ मध्ये गोळा भरणारे यंत्र आपोआप चालते आणि त्याला हात नि गोळा यांतला फरक कळत नाही. आत काम करताना मुख्य वीज बंद आहे हे स्वतः पाहावे.

दुरुस्तीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. चालक आणि गनर यांच्या आवाक्यातले गाडीवरच होते, त्यापुढचे युनिटच्या ईएमई टोळीकडे, त्याहून मोठे फील्ड वर्कशॉपकडे, आणि संपूर्ण ओव्हरहॉलसाठी बीएमपी खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपपर्यंत जाते. आपल्या पायरीच्या वरचे काम उत्साहाने उघडू नये, पण खालच्या पायरीचे काम वर ढकलूही नये. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे लॉगबुक. त्यात किलोमीटरबरोबर इंजिनाचे तासही लिहितात, कारण गाडी उभी राहून इंजिन चालले तरी झीज होतेच; ट्रॅक्टरच्या तासमीटरमुळे हे तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही. ‘उजवे तिसरे हब शेजारच्यापेक्षा गरम, पुढच्या थांब्यावर पुन्हा पाहावे’ अशी एक ओळ लिहिणारा चालक वर्कशॉपचा अर्धा दिवस वाचवतो. ‘ओके’ या शब्दाने कोणाचेच काही वाचत नाही.

जाता जाता, खंडेनवमीला तुमच्याही युनिटमध्ये शस्त्रपूजन होईल, गाड्यांना झेंडूच्या माळा चढतील. त्या दिवशी हळद-कुंकू तोफेच्या बाहेरच्या अंगाला लावावे. एका भाविक गनरने ते दुर्बिणीच्या काचेच्या चौकटीला लावले होते, आणि पुढचे दोन महिने त्याला प्रत्येक लक्ष्य तांबूस दिसत होते.

हाती अजून एक महिना आहे तर गॅरेजातच थोडा सराव करा. सध्या नांगरटीचे किंवा मळणीचे जे काम चालू असेल त्यावरून ट्रॅक्टर परत आला की चालक उतरण्याच्या आत त्याच्या चारही हबना, गिअरबॉक्सला आणि डिफरन्शिअलला पालथा हात लावा, कोणता भाग किती गरम आहे ते वहीत लिहा आणि शेजारी त्या दिवशीचे ऊन व काम किती झाले ते लिहा. ट्रॅक्टर दहा-पंधरा असतील तर आणखी चांगले. पंधरा दिवसांनी वही चाळली की कोणाचे बेअरिंग जाणार आहे ते तुम्हाला मालकाच्या आधी कळेल. ती वही कामठीला सोबत न्या. तिथले उस्ताद पहिल्या दिवशी तिच्यावर हसतील आणि नंतर एखाद्या थांब्यावर कोणाचा हब गरम लागतो ते पाहायला तुम्हालाच पाठवतील.